एका दिवसाच्या चाव्या

माझ्या नोकरीतली बरीच वर्षं मी मंत्री घडवण्यात घालवली. हे वाचून कुणी मला राजकारणातली बाई समजू नये. रेणापूर तालुक्यातल्या एका संस्थेच्या हायस्कुलात मी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत होते. गणिताच्या सरांना जादा तास असतात, विज्ञानाच्या सरांना प्रदर्शन असतं, इंग्रजीचे सर कायम प्रशिक्षणाला गेलेले असतात. नागरिकशास्त्राच्या बाईला काय काम? म्हणून विद्यार्थी मंत्रिमंडळ माझ्या गळ्यात पडलं आणि निवृत्त होईपर्यंत गळ्यातच राहिलं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. शाळा सुरू झाली, पुस्तकं वाटून झाली की मुलांची निवडणूक लावायची. पूर्वी चिठ्ठ्या असायच्या, आता मोबाइलवर मतदान यंत्र येतं. बटण दाबलं की टुंइ वाजतं, आणि त्या आवाजासाठी पाचवीची पोरं पुन्हापुन्हा रांगेत उभी राहतात, म्हणून बोटाला स्केचपेनची शाई लावायची. मग शपथविधी. मुख्याध्यापक राज्यपाल होतात. मुख्यमंत्री, शिस्तमंत्री, आरोग्यमंत्री, आहारमंत्री, सहलमंत्री अशी खाती वाटली जातात. सहलीच्या खात्यावर सगळ्यांचा डोळा, आणि आरोग्य व स्वच्छता खातं कुणालाच नको, कारण त्यात झाडू येतो. नेतृत्वगुण, निर्णयक्षमता, लोकशाहीची मूल्यं असे शब्द अहवालात येतात. प्रत्यक्षात मंत्री म्हणजे शिक्षकांची कामं करणारी हुशार मुलं. परिपाठाच्या रांगा लावायच्या, खिचडीच्या पंगतीला पाणी वाढायचं, पाहुणे आले की गुलाबाचं फूल घेऊन उभं राहायचं. मी हे हसत सांगते आहे, पण त्या कामावर माझा जीव होता. वर्गात तोंड न उघडणारं पोर शपथ घेताना मोठ्याने स्वतःचं पूर्ण नाव उच्चारतं, ते ऐकायला मला फार आवडायचं.

मी सांगणार आहे ते अंकिताच्या वर्षाचं.

त्या वर्षी मुख्यमंत्रिपदाला दोन उमेदवार होते. एक गावातल्या पुढाऱ्याचा मुलगा. त्याच्या वडिलांनी मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर भज्यांची गाडी उभी केली आणि ‘शाळेच्या मुख्यमंत्रिपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ असा फ्लेक्स निकालाच्या आधीच छापून आणला. पोरांनी भजी खाल्ली आणि मतं अंकिताला दिली. पुढारी माझ्याकडे आले. म्हणाले, "मॅडम, मशीनमधी काही तरी घोळ हाय. फेरमोजणी घ्या."

मी म्हटलं, "फ्लेक्स पुढच्या वर्षी चालेल, जपून ठेवा. मुलगा नववीतच आहे."

अंकिता दहावीत होती. बालाजीरावांची थोरली. बालाजीरावांची गावात चार एकर जमीन, सोयाबीन आणि हरभरा, स्वतः कष्टाळू, बोलायला मऊ. पोरगी मात्र तोडून बोलणारी. प्रचारात तिने भाषण असं केलंच नव्हतं. मधल्या सुट्टीत एकेका वर्गातल्या मुलींच्या घोळक्यात जायची, हळू आवाजात काही सांगायची आणि निघायची. सगळ्या मुलींनी एकगठ्ठा तिला मत का दिलं, ते मला नंतर कळलं.

आमच्या शाळेत मुलींचं स्वच्छतागृह होतं. नव्हतं असं नाही. कुठल्याशा योजनेतून बांधलेलं, पांढऱ्या फरशीचं, भिंतीवर हसऱ्या मुलीचं चित्र काढलेलं. त्याला कुलूप असायचं. तपासणीचं पथक आलं की उघडायचं, पथक गेलं की बंद. हेडसरांकडे त्याची कारणं होती आणि ती खोटी नव्हती. एकदा उघडं ठेवलं तर गावातल्या टवाळांनी संध्याकाळी तोट्या काढून नेल्या. शिवाय पाणी. आमच्या भागात उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो, तिथे संडासात कुठून ओतणार? हेडसर म्हणायचे, "बंद आहे म्हणून चकाचक आहे, मॅडम." ते स्वभावाने वाईट नव्हते. शाळेवर त्यांचं प्रेम होतं, फक्त ते शाळेच्या भिंतींवर जास्त होतं.

आम्ही दोघी शिक्षिका, लातूरहून रोज ये-जा करणाऱ्या. आम्हाला लागलं तर शिपाई गंगाधरमामांकडे चावी मागायची, त्यांनी ऑफिसातून आणायची, सगळ्या वऱ्हांड्याने बघायचं. त्यापेक्षा घरी जाईपर्यंत दम धरलेला बरा, असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं होतं. मुलींनीही तेच ठरवलं होतं, फक्त त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. मुली डबा खात, पाणी पीत नसत. घरून भरून आणलेली बाटली संध्याकाळी तशीच गळ्यापर्यंत भरलेली घरी जाई. ज्यांना हे माहीत नाही त्यांना वाटतं, पोरींना तहान कमी लागते.

अंकिताच्या बाकावर रूपाली नावाची मुलगी बसायची. वाडीवरून शेताच्या बांधाबांधाने चालत यायची. गरीब गाय. तिला दर महिन्याला त्रास व्हायचा, आणि त्या दिवसांत ती घरीच राहायची. एकदा शाळेतच झालं. मधल्या सुट्टीपासून शाळा सुटेपर्यंत ती बाकावरून उठली नाही. सगळे गेल्यावर अंकिताने आपली ओढणी तिच्या कमरेला बांधली आणि तिला वाडीपर्यंत पोचवलं. त्यानंतर रूपाली शाळेत आली नाही. आई म्हणाली, बस झालं शिकणं, दहावी झाली काय अन् न झाली काय.

हे सगळं अंकिताने मला सांगितलं ते मुख्यमंत्री झाल्यावर, स्टाफरूमच्या दाराशी उभं राहून.

"मॅडम, मुख्यमंत्र्याला काय काय करता येतंय?"

"काय करायचंय तुला?"

"मी पोरींना सांगितलंय, निवडून आले तर ते कुलूप काढीन. रूपालीच्या घरी जाऊन बी सांगून आले. ती म्हणली, उघडं राहिलं तर येते."

मी तिला घेऊन हेडसरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, विचार करू म्हणाले. विचार बरेच दिवस चालला. मी दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या मंत्रिमंडळाला जरा दुसरे विषय द्या. वृक्षारोपण वगैरे."

मग शिक्षकदिन आला. त्या दिवशी आमच्याकडे स्वयंशासन असतं. दहावीच्या मुली आईची साडी नेसून येतात, मुलं पांढरा शर्ट घालून येतात आणि दिवसभर खालच्या वर्गांना शिकवतात. मुख्यमंत्री असेल तो मुख्याध्यापक. आमच्या शाळेची एक खास रीत होती. सकाळच्या परिपाठात हेडसर सगळ्यांसमोर चाव्यांचा जुडगा विद्यार्थी मुख्याध्यापकाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "आज शाळा तुमची." संध्याकाळी समारोपात तो जुडगा परत करायचा आणि भाषण करायचं. भाषण दर वर्षी एकच, शिक्षक होणं किती अवघड असतं ते आज आम्हाला कळलं. मग टाळ्या, फोटो, बालूशाही.

अंकिता आईची जांभळी साडी नेसून आली होती. साडी तिला लांब होत होती, म्हणून कमरेला बरीच खोचलेली. जुडगा हातात पडल्यावर तिने पहिला तास घेतला नाही. सरळ मागे गेली आणि कुलूप उघडलं. तयारी आधीच झालेली असावी, कारण मुलांनी हापशावरून बादल्या भरून आणल्या, दाराबाहेर ठेवल्या आणि तोंड फिरवून निघून गेली. मुलींनी आत ड्रम भरला. आरोग्यमंत्री असलेली आठवीतली मुलगी दारात उभी राहून एकेकीला आत सोडत होती. हेडसर खुर्चीवरून उठून खिडकीपर्यंत आले, बघितलं, हसले आणि परत बसले. खेळ आहे, चालू दे, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

दुसऱ्या तासाला फाटकातून रूपाली आली. गणवेश धुतलेला, वेणी घट्ट. ती जाऊन आपल्या बाकावर बसली. मधल्या सुट्टीत मी तिला पाणी पिताना बघितलं. नुसती पाणी पिणारी मुलगी बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी स्टाफरूममध्ये कुणाला सांगितलं नाही.

समारोपाला संस्थेचे सचिव आले होते, गावातली चार प्रतिष्ठित माणसं होती, भजीवाले पुढारीही होते. अंकिता माईकसमोर आली. तिने एक चावी काढून घेऊन जुडगा हेडसरांच्या हातात दिला आणि म्हणाली, "सर, यातली एक चावी मी देणार न्हाई."

लोक हसले. हेडसरही हसले. "कोणती, बाई?"

"पोरींच्या संडासाची. ती आमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. पाण्याचं, झाडायचं आम्ही बघतो. रोज संध्याकाळी आम्हीच कुलूप लावू, तोट्या जाणार न्हाईत. सकाळी उघडू."

ती जे म्हणाली त्यात एकही शब्द वेडावाकडा नव्हता, योजना तर हेडसरांच्यापेक्षा चांगली होती. पण एका मुलीने, साडी नेसून, माईकवर, सचिवांसमोर संडासाचं नाव घेतलं होतं. पुढच्या रांगेतल्या एकाने खाकरून मान खाली घातली. सचिवांनी घड्याळ बघितलं. मी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मुलींनी वाजवल्या, मुलांनीही वाजवल्या. पुढच्या रांगेने वाजवल्या नाहीत. हेडसर माईकवर आले आणि म्हणाले, "आमच्या मुख्याध्यापिका फारच कडक निघाल्या." मग राष्ट्रगीत झालं. चावी अंकिताकडेच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकातून आत येत होते, तेव्हा दोघी मुली मागच्या बाजूला निघालेल्या दिसल्या. अंकिता पुढे, रूपाली तिच्यामागे. पायऱ्यांवर बादल्या भरून ठेवलेल्या. मी सहज त्यांच्यामागे गेले. अंकिता कुलपाशी खटपट करत होती. चावी आत जात होती, फिरत नव्हती. तिने काढली, पदराने पुसायची सवय एका दिवसात लागली असावी तशी गणवेशाला पुसली आणि परत घातली.

"बसत न्हाई, मॅडम," ती म्हणाली.

मी जवळ जाऊन बघितलं. कुलूप नवं होतं. पितळेचं, चकचकीत, आदल्या दिवसापेक्षा मोठं. चावी कुणी काढून घेतली नव्हती, कुणी तिच्यावर रागावलंही नव्हतं. फक्त कुलूप बदललं होतं.

रूपाली म्हणाली, "जाऊ दे गं, अंके." पहिल्या तासाला ती वर्गात होती. मधल्या सुट्टीनंतर नव्हती.

मी हेडसरांकडे गेले. त्या दिवशी मी आवाज चढवला, हे खरं आहे. ते शांत होते. म्हणाले, "मॅडम, स्वयंशासन एका दिवसाचं असतं. बाकीचे दिवस शाळा चालवावी लागते. सचिवसाहेबांचा काल रात्रीच फोन होता, पोरींना हे शिकवता का म्हणून. मी काय सांगू?"

दुपारी बालाजीरावांना बोलावणं गेलं. ते शेतातून तसेच आले, पायाला चिखल. पोरगी निवडून आल्यावर हेच बालाजीराव मला शाळेत येऊन पेढे देऊन गेले होते. आता ऑफिसात खुर्चीवर बसायलाही तयार नव्हते.

"पोरीची चूक झाली, सर. माईकवर असं बोलायला नको होतं. गावात लोक मला इचारायलेत, तुझी पोरगी काय म्हणली म्हणून. इज्जतीचा सवाल हाय." मग पोरीकडे वळून, "माफी माग सरांची."

अंकिता माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "बालाजीराव, तिने माफी मागण्यासारखं काही केलेलं नाही." ते हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांजच्याला लातूरला जाता. आम्हाला इथंच ऱ्हायचंय."

ते म्हणत होते ते खरंच होतं.

अंकिताने माफी मागितली. स्पष्ट आवाजात, शपथ घेतली होती तशाच. चावी टेबलावर ठेवली. हेडसर मोठ्या मनाने म्हणाले, "अगं ठेव तुझ्याकडे. आठवण म्हणून." तिने ती उचलली नाही.

मी आणि अंकिता दोघी रूपालीच्या वाडीला गेलो. तिच्या आईने चहा केला, आदराने बसवलं. शेवटी म्हणाली, "मॅडम, तुमच्या शाळेत समदं हाय. कॉम्प्युटर हाय, तिरंगा हाय, मंत्री हायत. तेवढं सोडून." रूपाली आत भांडी घासत होती, बाहेर आली नाही. पुढे तिला मामाच्या गावी धाडलं, उदगीरकडे. तिथे तिचं लग्न झाल्याचं आम्हाला बऱ्याच महिन्यांनी कळलं. अंकिताला ते वर्गात कुणीतरी सांगितलं. तिने ऐकलं आणि वहीत लिहीत राहिली.

त्याआधीच तिने माझ्याकडे येऊन सांगितलं होतं, "मॅडम, माझं नाव काढा मंत्रिमंडळातून." मी समजावलं. ऐकलं नाही. परिपाठाला मागच्या रांगेत उभी राहायला लागली. दहावीला चांगले मार्क पडले.

हेडसरांनी स्वयंशासन दिनाचा अहवाल वर पाठवला. नेतृत्वविकासाचा उत्तम उपक्रम म्हणून तालुक्यातून कौतुक झालं. मुखपृष्ठावर फोटो होता, जांभळी साडी नेसलेली अंकिता, हातात चाव्यांचा जुडगा.

मी मात्र हेडसरांची पाठ सोडली नाही. रोज डोकं खाल्लं, मासिक सभेत विषय काढला, शेवटी वैतागून त्यांनी नव्या कुलपाची एक चावी मला दिली. "मुलींना लागेल तेव्हा तुम्ही द्या. जबाबदारी तुमची." मला वाटलं, जिंकले. चावी मी पर्सच्या पट्ट्याला अडकवली आणि सगळ्या वर्गांत सांगून आले. फार थोड्या मुली आल्या. स्टाफरूमपर्यंत यायचं, चार सर बसलेले असताना मॅडम चावी म्हणायचं, परत आणून द्यायची. मी दारात खुर्ची टाकून बसायला लागले, तरी नाही. ज्या गोष्टीसाठी एका मुलीला माफी मागावी लागली, ती मागायला बाकीच्या कशा येतील? बाटल्या भरलेल्याच घरी जात होत्या.

पुढच्या वर्षीचा शिक्षकदिन आला. पुढाऱ्यांचा मुलगा मुख्यमंत्री झाला होता, फ्लेक्स कामाला आला. परिपाठात हेडसरांनी त्याच्या हातात जुडगा दिला. मला तो नेहमीपेक्षा मोठा वाटला. दुपारी टेबलावर पडला होता, म्हणून सहज उचलून बघितला. गंजलेल्या, वाकड्या, जुन्या कपाटांच्या, मोडीत निघालेल्या कुलपांच्या चाव्या. गंगाधरमामांना विचारलं तर ते खाली बघून म्हणाले, "सरांनी सांगितलं, मॅडम. स्वयंशासनासाठी येगळा जुडगा कर म्हणले." त्या जुडग्यातली एकही चावी शाळेतलं कुठलंही कुलूप उघडत नव्हती. त्यातच अंकिताने टेबलावर ठेवलेली ती चावी होती. मी ओळखली.

त्या मुलाने संध्याकाळी जुडगा परत केला आणि शिक्षक होणं किती अवघड असतं ते सांगितलं. पुढच्या रांगेने टाळ्या वाजवल्या.

नंतर मी निवृत्त झाले. माझ्या जागी एक सर आले, दुसऱ्या बाई ती जबाबदारी घ्यायला तयार नव्हत्या, त्यामुळे पर्सला अडकवलेली चावी ऑफिसात जमा करावी लागली. आता मी नांदेडला लेकीकडे असते. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी विष्णुपुरीला गोदावरीचं पाणी बघायला गेले होते. परत येताना ऑटोची वाट बघत उभी होते, तर मागून हाक आली, "मॅडम, ओळखलं का?"

अंकिता होती. विष्णुपुरीलाच इंजिनिअरिंग करते. उंच झालेली, चष्मा लागलेला, पाठीवर सॅक. मला इतका आनंद झाला की मी रस्त्यातच तिचा हात धरला. घरचं विचारलं, अभ्यासाचं विचारलं. मग माझी जुनी खोड, मी म्हणाले, "इथे काय, वर्गप्रतिनिधी वगैरे आहेस की नाही?"

"पोरी म्हणल्या होत्या उभी ऱ्हा म्हणून. मी न्हाई म्हणले." ती हसली. "मी आता कशातच नसते, मॅडम. बरं असतंय."

रूपालीबद्दल तिने विचारलं नाही, मीही काढलं नाही. एकदाच म्हणाली, "मॅडम, ते अजून बंदच असतंय का?" मी म्हटलं, मला माहीत नाही, मी आता तिथे नसते. तिने मान हलवली.

ऑटो आला. ती मला हात देऊन बसवायला वाकली, तेव्हा सॅकच्या बाजूच्या खिशातली पाण्याची बाटली माझ्यासमोर आली. दिवसभराचे तास करून निघालेली मुलगी, आणि बाटली गळ्यापर्यंत भरलेली. माझी नजर तिच्या लक्षात आली.

"इथं समदं उघडं असतंय, मॅडम," ती म्हणाली. "चांगलं हाय, पाणी बी हाय. पण सवय न्हाई जात."